खाऱ्या वाऱ्यातली फियाट : १९७१ च्या एका गाडीची खरेदी, दुरुस्ती आणि मालकी

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचं आहे. त्यांना इथे अण्णा म्हणतो. नावं, गावं आणि गाडीचा क्रमांक गाळला आहे, रकमा ढोबळ केल्या आहेत. खरेदीआधीची तपासणी आणि कागदपत्रं एवढ्यापुरता मी त्यात होतो. गॅरेजमधलं पुष्कळसं अण्णांकडून आणि मेस्त्रींकडून ऐकलेलं आहे.

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. कोकणात बॉनेट सगळ्यात शेवटी उघडावं, हे माझं मत जुनंच आहे. या प्रकरणाने ते पक्कं झालं.

पार्श्वभूमी

गाडी फियाट ११०० डिलाइट, १९७१ ची नोंदणी, मुंबईचा जुना तीन अक्षरी क्रमांक. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून डिलाइट बनवली. हीच गाडी पुढे थोड्याफार बदलांनी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे पुढून उघडणारे. गावातले लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणत. ते नाव खरं तर तिच्या आधीच्या, १९५० च्या दशकातल्या गुबगुबीत मॉडेलचं. पण एवढा फरक कोण करतो!

गाडीचे मालक मुंबईत नोकरीला होते. निवृत्तीनंतर ती घेऊन राजापूर तालुक्यातल्या मूळ घरी येऊन राहिले. २०१६ मध्ये त्यांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं, त्याची मुदत २०२१ च्या डिसेंबरपर्यंत होती. २०१८ मध्ये ते वारले. त्यानंतर गाडी खळ्याच्या कडेला झापांच्या मांडवात उभी राहिली. दोन मुलगे मुंबईकडे, मुलगी पुण्यात. गणपतीला आले की मुलगे बॅटरी जोडून गाडी सुरू करायचे, पाच मिनिटं घुरघुरवायचे आणि बंद करायचे. २०२१ नंतर ती सुरूच झाली नाही.

अण्णांनी लहानपणी या गाडीत बसून एक वरात केली होती. त्यांच्या बाजूचं कारण तेवढंच, आणि त्यांना ते पुरेसं होतं. २०२३ च्या दिवाळीनंतर थोरल्या मुलाने दीड लाख मागितले, तेव्हा त्यांनी मला सोबत बोलावलं.

तपासणीत काय दिसलं

वरून गाडी देखणी होती. फिकट निळा रंग, क्रोम बऱ्यापैकी, आतली सीट फाटकी पण मूळची. खालून चित्र वेगळं.

फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. दोन्ही दारांच्या खालून पुढून मागे जाणारी पोकळ पत्र्याची पेटी, तिला चिकटलेली जमीन आणि मागच्या पाट्यांच्या टोकांना धरणारी जागा यांवर सगळा भार असतो. खाऱ्या हवेचं पाणी नेमकं या पोकळ जागांत शिरतं. खालची निचऱ्याची भोकं मातीने आणि पाचोळ्याने बुजली की ते तिथेच मुरतं. पत्रा आतून बाहेर कुजत येतो, त्यामुळे रंगाला फोड दिसेपर्यंत आत फारसं काही उरलेलं नसतं.

फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं. छत, बॉनेट, डिकीचं झाकण यांना ते घट्ट धरत होतं. डाव्या दारांखाली हातभर जागेत धरेना, म्हणजे तिथे लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. पेचकसाच्या मुठीने ठोकत गेलो तर आवाज भद्द. पायपुसणी उचलल्यावर ड्रायव्हरच्या टाचेखाली रुपयाएवढं भोक आणि त्यातून खालची जमीन दिसली. शेणाने सारवलेली ओलसर जमीन. पाच पावसाळे ती खालून गाडीला ओल पुरवत होती.

सोबत आलेले मेस्त्री बॉनेटकडे फिरकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "इंजिन मेला तरी उठवता येता, अण्णा. पत्रो गेलो की गेलो."

अडचण

पत्रा ही उघड अडचण होती. तिच्याहून मोठी अडचण कागदांत होती, आणि खरेदीदार सहसा ती शेवटी बघतात.

नोंदणी पुस्तक वारलेल्या वडिलांच्या नावावर. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम. इथे पाच वर्षं कुणी काही केलं नव्हतं. त्यात २०२१ ला नोंदणीची मुदत संपलेली. केंद्राच्या नियमांनुसार एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर.

पैशांपेक्षा क्रम अवघड होता. मुदत संपलेल्या नोंदणीवर नावांतर पुढे सरकणार नव्हतं. नूतनीकरण हवं तर गाडी निरीक्षकापुढे चालत्या, सुरक्षित स्थितीत उभी करायला हवी. म्हणजे जी गाडी अजून अण्णांची नाही, कागदावर जिचा मालक हयातच नाही, तिच्यावर अण्णांनी आधी लाख-दीड लाख घालायचे आणि मग ती त्यांच्या नावावर होणार. मधल्या काळात तीनपैकी एका वारसाने हात वर केले, तर दुरुस्त केलेली गाडी त्यांची आणि खर्च अण्णांचा.

आणखी एक पेच ऋतूचा. अर्धवट उघडा पत्रा घेऊन गाडी कोकणातल्या पावसाळ्याला सामोरी गेली तर सगळं काम वाया. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि मृगाच्या आधीच हवा दमट होते. घाई करावी तर कागदांचा धोका, कागदांसाठी थांबावं तर गंजाचा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोडून देण्याचा. गाडी बघून परतताना मी तोच सुचवला. कोल्हापूर-पुण्याकडे पत्र्याचं काम झालेली फियाट जास्त पैशांत मिळाली असती, आणि घाटावरच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीचा सांगाडा इथल्यापेक्षा शाबूत असतो. दुसरा पर्याय नव्वदच्या दशकातली पद्मिनी घेण्याचा. इंजिन तेच, सुटे भाग मुबलक, दरवाजे सरळ, किंमत निम्मी. व्यवहाराच्या दृष्टीने हा सगळ्यात शहाणा मार्ग होता असं मला अजून वाटतं. अण्णांनी तो ऐकूनही घेतला नाही. त्यांना फियाट नको होती, *ही* फियाट हवी होती. असा माणूस समोर असला की सल्ला देणाऱ्याचं काम बदलतं. घ्यावी की नाही हा प्रश्न संपतो आणि कशी घ्यावी एवढंच उरतं.

तिसरा पर्याय व्हिंटेज नोंदणीचा. २०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसला पाहिजे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. बावन्न वर्षांची ही गाडी वयाने बसत होती. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. अण्णांना ती शनिवारच्या बाजाराला न्यायची होती, माहेरवाशिणींना आणायला कणकवली स्टेशनवर न्यायची होती. तो मार्ग बाद झाला.

उरला साध्या नूतनीकरणाचा. इथे एक गैरसमज दूर करावा लागला, कारण अण्णांच्या मुलाने 'पंधरा वर्षांनी गाडी बाद' असं घरात सांगून ठेवलं होतं. ती बंदी दिल्ली आणि राजधानी परिसराची. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत उतरली तर दर पाच वर्षांनी तिची मुदत वाढवता येते.

पहिला निर्णय : सही आधी, पैसे नंतर

थोरला मुलगा म्हणाला, "बहिणीचं काही नाही, तिला गाडीत रस नाही." असं वाक्य ऐकलं की मी थांबतो. मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. तिला रस नसेल तर ती तसं लिहून देईल.

ठरलं असं. किंमत दीड लाखावरून नव्वद हजारांवर आली, ती मुख्यतः पत्र्याचे फोटो दाखवून. तिन्ही वारसांनी नोटरीपुढे करारनामा करायचा. त्यात थोरल्याने नमुना ३१ वर गाडी स्वतःच्या नावावर करून लगेच अण्णांच्या नावे नमुना २९ आणि ३० (विक्रीनंतरच्या नावांतराचे) भरायचे, बाकी दोघांनी ना-हरकत प्रतिज्ञापत्रं द्यायची. विसार तीस हजार, उरलेले साठ हजार गाडी अण्णांच्या नावावर झाल्यावर. करारात एक कलम मुद्दाम घातलं : नावांतर वारसांच्या बाजूने अडलं, तर तोवरचा दुरुस्तीचा खर्च पावत्यांप्रमाणे त्यांनी परत करायचा.

ते कलम वाचून धाकटा मुलगा बिथरला. "म्हणजे तुम्ही चार लाख घालाल आणि आमच्याकडून मागाल?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मग खर्चाला कमाल मर्यादा घातली : तपासणीत उतरण्यापुरतं काम, दीड लाखापर्यंत. या मर्यादेने पुढचं सगळं नियोजन ठरवलं, आणि ते चांगल्यासाठीच झालं. अण्णांना नाइलाजाने काम दोन टप्प्यांत वाटावं लागलं. आधी सांगाडा, ब्रेक, दिवे आणि चालू इंजिन. रंग, क्रोम, सीट हे सगळं गाडी नावावर झाल्यावर.

पुण्याच्या बहिणीने सही करताना एकच गोष्ट विचारली, रंग बदलणार का. नोंदणी पुस्तकातही निळाच रंग लिहिलेला आहे आणि बदलायचा तर तिथे नोंद करावी लागते, हे सांगितल्यावर तिचं समाधान झालं. अण्णांच्या मनात लाल होता. तो विषय तिथेच मिटला.

दुसरा निर्णय : पत्रा

जानेवारी २०२४ मध्ये गाडी टेम्पोवर चढवून जवळच्या बाजारपेठेच्या गावातल्या एका वेल्डरकडे नेली. इथे कामाला खीळ बसली.

वेल्डर हाताने चांगला होता, पण त्याची सवय टेम्पो आणि होडीच्या कामाची. त्याने डाव्या दारांखालची कुजलेली पेटी एका दमात कापून काढली. गाडी मधोमध एका जॅकवर, दारं उतरवलेली, आतून काही आधार नाही. सांगाडाच कापला, मग बॉडी मधून किंचित बसली. नवा पत्रा टाकून, टाके मारून दारं परत लावायला गेले तेव्हा मागचं दार वरून घासत होतं आणि पुढच्या दाराची फट खाली बोटभर रुंद. त्याचा उपाय असा की दार ठोकून बसवू, वर लांबी भरू.

अण्णांनी फोन केला तेव्हा ते जवळजवळ तयार झाले होते. हा या प्रकरणातला सगळ्यात कळीचा क्षण. दार ठोकून बसवलं असतं तर गाडी दिसायला बरी झाली असती आणि सांगाडा कायमचा वाकडा राहिला असता. वाकड्या बॉडीत पाट्यांची टोकं सरळ रेषेत राहत नाहीत, टायर एका बाजूने झिजतात आणि टाके एकेक करून तडकतात. पण टाके तोडायचे म्हणजे दिलेले अठरा हजार पाण्यात आणि वेल्डरशी वाकडं.

टाके तोडायचं ठरलं. कोल्हापूरहून जुन्या गाड्यांच्या बॉडीचं काम करणाऱ्या एका डेंटरला चार दिवसांसाठी बोलावलं. राहणं-जेवण अण्णांच्या घरी, जेवणात रोज मासे हवेत ही त्याची अट. त्याने आधी दोन्ही दारांच्या चौकटींत लोखंडी अँगलचे तिरपे आधार टाके मारून बसवले, गाडी चार ठिकाणी ठोकळ्यांवर समपातळीत घेतली, मग जॅकने तसूतसूने बॉडी वर उचलत दाराच्या फटी जुळवल्या, आणि त्यानंतरच नवी पेटी टाकली. उजवी बाजू कापली ती डावी पूर्ण झाल्यावर. गावच्या वेल्डरनेच त्याच्या हाताखाली टाके मारले. वाकडं यायचं ते बरंचसं त्यातच सरळ झालं.

त्याने लावलेली दुसरी शिस्त किनाऱ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावी अशी आहे. जेवढा पत्रा आज उघडा करायचा, तेवढ्यालाच आज प्राइमर. घाटावर घासलेला पत्रा दोन दिवस तसाच राहिला तरी चालतो. इथे एका रात्रीत त्यावर नारिंगी साय धरते, आणि तिच्यावर मारलेला प्राइमर वर्षभरात पोपडा होऊन सुटतो. संध्याकाळी चार नंतर तो नवीन जागा घासायलाच घेत नसे. पेट्यांच्या आत नळीने गंजरोधक मेण फवारलं, निचऱ्याची भोकं मोकळी ठेवली. खालून डांबराचा जाड थर द्यायला मात्र त्याने नकार दिला. खाली गंजाचा एक ठिपका राहिला तरी डांबर त्याच्यावर झाकण घालतं, ओल आत कोंडते आणि वरून काही कळत नाही.

सांगाड्याचं काम सुमारे नव्वद हजारांत पडलं, वाया गेलेले अठरा धरून.

तिसरा निर्णय : मूळ इंजिन की टॅक्सीचं

इंजिन जाम होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं, मग पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू फिरवलं. फिरलं, पण एका सिलिंडरमध्ये दाब भरेना.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली होती. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एका ओळखीच्या माणसाने निरोप पाठवला : चालू इंजिन, गिअरबॉक्ससकट, पंचवीस हजार. बसवायला दोन दिवस. मूळ इंजिन कोल्हापूरला नेऊन उघडायचं तर साठ-सत्तर हजार आणि वेळ किती लागेल ते देव जाणे.

पैशाने बघावं तर टॅक्सीचं इंजिन. पण नोंदणी पुस्तकात इंजिन क्रमांक असतो. मुदतवाढीच्या तपासणीत निरीक्षक चासी क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतो आणि इंजिन क्रमांकही ताडून बघतो. आधीच तीन टेबलांवर अडकलेल्या फाइलीत इंजिनबदलाची नोंद हा चौथा फेरा झाला असता, आणि भंगारातल्या इंजिनाचा मूळ कागद कुठून आणायचा? शिवाय उद्या कधी व्हिंटेज नोंदणी करावीशी वाटली तर मूळ इंजिन नसलेली गाडी तिथे अडखळणार. मूळ इंजिनच ठेवायचं ठरलं. टॅक्सीचं इंजिनही अण्णांनी घेतलं, पण सुट्या भागांसाठी. टॅक्स्या संपल्या म्हणजे त्यांचे भाग विकणारेही हळूहळू दुसऱ्या धंद्याला लागणार, हा त्यांचा हिशेब होता आणि तो खरा ठरतो आहे.

मार्चमध्ये इंजिन फोंडा घाटाने कोल्हापूरला गेलं. आंब्याच्या पेट्या घेऊन जाणाऱ्या पिकअपमध्ये कोपऱ्यात बसवून नेलं, म्हणून वाहतूक जवळजवळ फुकट पडली. उघडल्यावर दोष कळला. गाडी उभी राहिली तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला. त्या वाटेने दमट खारी हवा आत जात राहिली आणि वरच्या रिंगजवळ सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले. बाकीचे तीन ठीक होते. पण बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करायचे, तर चारही करावे लागतात. पुढच्या मापाचे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवी बेअरिंगं, अॅल्युमिनियमचं हेड फेस करून घेतलं. गणपतीतल्या त्या पाच मिनिटांच्या घुरघुरीने भलं काहीच केलं नव्हतं. इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवलं नाही तर ज्वलनातून झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठून राहतं.

एप्रिल-मेमध्ये सगळं ठप्प. हापूसच्या हंगामात देवगडात माणूस, गाडी, फोन काहीच मोकळं नसतं, आणि अण्णा स्वतःच बागेत. इंजिन कोल्हापुरात तयार होऊन पडलं, ते आणायला मेचा मध्य उजाडला.

पासिंग आणि पहिला पावसाळा

ब्रेकचं काम त्याआधी झालं होतं. मेस्त्रींनी नुसतं सील-किट बदलून भागवायचं म्हटलं होतं. पण ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि उभ्या गाडीत व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडतात. त्यावर नवं रबर चार महिने टिकतं. सगळे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे बसवले. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, टाकी काढून आतला गंज धुतला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गाडी ओरोसला, जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात, तपासणीला उभी राहिली. नव्या पत्र्यावर प्राइमर आणि वर मूळ रंगाशी जुळणारा साधा निळा हात मारलेला. देखणी मुळीच नाही, पण दिवे लागत होते, ब्रेक धरत होते, क्रमांक जुळत होते. मुंबईच्या जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढवून घेण्यात काही आठवडे आधीच गेले होते. ते काम जानेवारीत सुरू केलं म्हणूनच मेमध्ये तपासणी शक्य झाली. पाच वर्षांची मुदत मिळाली. नमुना ३१, मग २९-३० असं होत ऑगस्टमध्ये गाडी अण्णांच्या नावावर झाली आणि साठ हजार पोचते झाले.

पावसाळा गाडीने नव्या मांगरात, म्हणजे गाडीसाठी बांधलेल्या शेडमध्ये काढला. या मांगराला पंचावन्न हजार लागले आणि घरात त्यावरून बरीच बोलणी झाली. जमिनीला आधी जाड प्लास्टिक, त्यावर कोबा, कारण नुसत्या जांभ्याच्या जमिनीतून ओल वर येते. भिंती समुद्राच्या बाजूने बंद, इतर बाजूंनी वरती मोकळ्या. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर नाही, सुती चादर. प्लास्टिकखाली पत्र्याला घाम सुटतो. मांगराची जागा माडांपासून लांब काढली. याच गावात एका नव्या कोऱ्या गाडीचं छत नारळाने चेपलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

गाडी नावावर असल्याने रंगाला हात घालता आला. तो दिवाळीनंतर, २०२४ च्या डिसेंबरात. हवा कोरडी असताना रंग मारणं किनाऱ्यावर तसंही बरं. दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते.

निष्पत्ती

खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त. अण्णा सव्वादोन लाख धरून चालले होते. किंमत, कागद, मांगर, टॅक्सीचं इंजिन सगळं मिळून साडेपाचच्या आसपास गेलं. जवळजवळ निम्मे पैसे पत्रा आणि रंग यांत. इंजिनावर ऐंशीही नाही.

गाडी चालते. आठवड्यातून एकदा तरी वीसेक किलोमीटर, पाऊस असला तर उघडीप बघून. खाडीवरच्या फेरीबोटीत अण्णा ती घालत नाहीत, भरतीचं पाणी फळीवर उडतं म्हणून. एकदा समुद्रकाठच्या रस्त्याने गेले तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुतात. विम्यात तृतीय पक्षाचा घेतला आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्यांनी विचारला त्या कंपन्यांनी दिला नाही.

लग्नाच्या भाड्यासाठी तीन जण विचारून गेले, एकाने दिवसाला सात हजार देऊ केले. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि त्या दिवशी अपघात झाला तर विमाही हात वर करणार. अण्णांनी नाही म्हटलं. धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नात स्वतः चालवत नवरीला नेलं, ते वेगळं.

वेगळं काय करता आलं असतं

मांगर आधी बांधायला हवा होता. खरेदीच्याही आधी. डिसेंबर ते मे गाडी गॅरेजमध्ये, अंगणात, शेजारच्या पडवीत अशी फिरत राहिली, आणि दर वेळी उघड्या पत्र्याचं काय करायचं हा प्रश्न नव्याने आला. गाडी कुठे उभी राहणार याचं उत्तर नसेल तर किनाऱ्यावर जुनी गाडी घेऊ नये, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. निम्मे लोक नाराज होऊन जातात.

इंजिन आणि पत्रा एकाच वेळी सुरू करता आले असते. इंजिन जानेवारीतच कोल्हापूरला गेलं असतं तर हापूसच्या आधी परत आलं असतं आणि तपासणी पावसाच्या तोंडावर न येता एप्रिलमध्ये झाली असती. पण तेव्हा पैसे मोकळे नव्हते. बागायतदाराच्या हातात पैसे येतात मेमध्ये आणि गाडीचं काम करायचे महिने नोव्हेंबर ते मार्च. ही विसंगती इथल्या कित्येक घरबांधण्यांना पुरून उरली आहे, गाडी कुठली अपवाद.

पहिल्या वेल्डरची निवड चुकली, असं अण्णांचे चिरंजीव म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही बॉडी म्हणजेच चासी आहे. काम देण्याआधी चौकटीला आधार कसा देणार एवढा एक प्रश्न विचारला असता तर उत्तरावरूनच कळलं असतं.

करारातलं खर्च-परतीचं कलम वापरायची वेळ आली नाही. तरी पुढच्या वेळी मी ते असंच घालेन, मर्यादेसकट.

नोंदणीची मुदत २०२९ च्या मेपर्यंत आहे. ऑगस्ट २०२५ च्या नव्या नियमांनी वीस वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं. तेव्हा पुन्हा पाच वर्षांसाठी ते भरायचे की व्हिंटेजकडे वळायचं, हे अण्णांनी ठरवलेलं नाही. दारांखालच्या नव्या पेट्या हा बॉडीतला मोठा फेरफार धरला जाईल की दुरुस्ती, यावर ते अवलंबून राहील. म्हणून कापण्याआधीचे, आधार लावल्यानंतरचे आणि नवा पत्रा बसल्यावरचे सगळे फोटो, कोल्हापूरच्या लेथवाल्याच्या पावत्या आणि करारनाम्याची प्रत एका प्लास्टिकच्या फाइलीत घालून त्यांनी कपाटात ठेवली आहे. गाडीच्या डिकीत नाही.